हरिपाठ उधळणाऱ्याला इंग्रजांच्या राज्यात काय शिक्षा होती? वऱ्हाड-नागपूरकडच्या जाणकारांनी लिहावं

अडाणकाठ

राम राम मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मारुतीच्या देवळात कार्तिक महिनाभर पहाटे काकडा आणि दिवेलागणीला हरिपाठ असतो. यंदा एका संध्याकाळी हरिपाठ चालू असतानाच वाढदिवसाचा डीजे देवळासमोर येऊन थांबला. भजनी मंडळातले दोघे जाऊन हात जोडून आले, तर आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. टाळकऱ्यांना एकमेकांचा ठेका ऐकू येईना. पखवाजवाल्या काकांनी पखवाज मांडीवरून खाली ठेवला, त्यावर उपरणं टाकलं आणि तसेच बसून राहिले. बायका पोरांना घेऊन घरी गेल्या. त्या दिवशी हरिपाठ पुरा झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर बैठक बसली. गावातले एक वयस्क बाबा म्हणाले, "इंग्रजाच्या राज्यात कोनी असं केलं असतं तं पाटलानं रातोरात वर्दी देली असती अन् सकाळी त्याले तहसीलात उभा केला असता. फटके बसत होते फटके!" पुष्कळांनी माना डोलावल्या. आता तसाच कायदा पाहिजे, असंही दोघातिघांनी बोलून दाखवलं.

पोट्टे आपल्याच गावचे आहेत, त्यांना जेलात घालायची कुणाचीच इच्छा नाही. पण ज्या राज्याचं नाव आम्ही इतक्या भरवशानं घेतो, त्यात खरोखर काय होत होतं? असा कायदा होता का, शिक्षा किती होती, फटके खरे की ऐकीव? आणि वऱ्हाड तर निजामाचं होतं, मग इथे इंग्रजांचा कायदा चालायचा कसा? ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

मिसलबंद

अडाणकाठ भाऊ, मी अकोल्यात फौजदारी वकिली करतो, त्यामुळे कायद्याचं तेवढं सांगतो.

कायदा होता. भारतीय दंड संहितेचं, म्हणजे आयपीसीचं, कलम २९६. संहिता १८६० ची, अंमल १ जानेवारी १८६२ पासून. कायदेशीरपणे उपासना किंवा धार्मिक विधी करत असलेल्या जमावाला जो मुद्दाम अडथळा आणेल त्याला १ वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कैद साधी असो की सक्तमजुरीची, ते मॅजिस्ट्रेटच्या हाती.

यात देऊळ, मशीद, चर्च असा शब्दच नाही. संरक्षण आहे ते जमलेल्या माणसांना. झाडाखाली, नदीच्या घाटावर, शेतात मांडव टाकून सप्ताह बसला असेल तरी तेच कलम. उलट देवळात एकटा माणूस जप करत बसला असेल तर तो जमाव नव्हे. आणि पूजा प्रत्यक्ष चालू असायला हवी. हरिपाठ संपून मंडळी गप्पा मारत बसली असताना डीजे आला, तर हे कलम लागत नाही.

आता 'मुद्दाम'. पुष्कळांना वाटतं की समोरच्याच्या मनात वैर होतं हे सिद्ध करावं लागतं. तसं नाही. आपल्या करण्यानं अडथळा होईल हे ज्याला माहीत आहे, किंवा माहीत असायला हवं, तोही यात येतो. तुमच्याकडचे दोघे जाऊन सांगून आले, त्या क्षणापासून "आम्हाला कल्पना नव्हती" हे म्हणायची सोय गेली.

त्याच वर्षी, १८६० मध्ये, इंग्लंडमध्येही चर्चमधल्या दांडगाईबद्दल एक कायदा झाला. तिथे शिक्षा होती जास्तीत जास्त ५ पौंड दंड, नाहीतर २ महिने कैद. आपल्याकडे १ वर्ष. हा फरक उगाच पडलेला नाही. मेकॉलेच्या विधी आयोगानं १८३७ मध्ये पहिला मसुदा केला, तेव्हाच त्यांनी टिपणात लिहून ठेवलं होतं की धर्मावरून लोक खवळण्याची सरकारला इतकी भीती दुसऱ्या कुठल्याही देशात नसेल. पुढे १८५७ झालं. १ नोव्हेंबर १८५८ ला राणीचा जाहीरनामा निघाला, आम्ही तुमच्या धर्मात हात घालणार नाही म्हणून. त्यानंतर दोन वर्षांत संहिता मंजूर झाली. आपला हरिपाठ शांततेत व्हावा ही कळकळ त्यामागे किती होती, ते तुम्हीच ठरवा. गावं शांत राहिली पाहिजेत, महसूल वेळेवर आला पाहिजे, ही कळकळ नक्की होती.

खंजेरी

वकीलसाहेब, एक नंबर मायती देली. पन फटक्याचं काय? आमचा आजाबी सांगे का चावडीपुढं झाडाले बांधून मारत होते. हे खरं होय का नाही?

मिसलबंद

खंजेरी भाऊ, फटक्यांची शिक्षा कायद्यात होती. १८६४ चा फटक्यांचा स्वतंत्र कायदा होता, नंतर १९०९ चा. पण मोठ्या माणसाला फटके कोणत्या गुन्ह्यात द्यायचे याची त्यात यादी होती: चोरी, घरफोडी, जबरी चोरी वगैरे. पूजेत अडथळा आणणं त्या यादीत नव्हतं. १६ वर्षांखालच्या पोराला मात्र जवळपास कुठल्याही गुन्ह्यात कैदेऐवजी छड्या देता यायच्या. म्हणजे कीर्तनात दगड टाकणाऱ्या १४ वर्षांच्या मुलाला छड्या बसू शकत होत्या, त्याच्या २५ वर्षांच्या भावाला नाही. ही शिक्षा देशातून गेली ती १९५५ मध्ये.

तुमच्या आजोबांनी पाहिलेलं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण चावडीपुढं झाडाला बांधून मारणं हे कोर्टाचं काम नव्हतं. ते पाटलाचं, मालगुजाराचं (सारा गोळा करणाऱ्या गावमालकाचं), नाहीतर ठाण्याच्या शिपायाचं काम. कागदावर येत नव्हतं, म्हणून त्याच्यावर अपीलही नव्हतं.

कागदावर यायचं ते असं. पाटलानं ठाण्यात वर्दी द्यायची. कलम दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय धरू शकत. जामीन मिळायचा. खटला तहसीलीत, कारण तहसीलदारालाच मॅजिस्ट्रेटचे अधिकार असत. १८९८ च्या फौजदारी संहितेप्रमाणे दुसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला ६ महिने कैद आणि २०० रुपये दंड एवढाच अधिकार होता. त्या काळच्या शेतमजुराला २०० रुपये म्हणजे पिढीभराचं कर्ज. त्याहून सोपा रस्ता म्हणजे कलम १०७ चा मुचलका: वर्षभर शांत राहीन असं लिहून द्या, जामीनदार आणा, नाहीतर आत बसा. गुन्हा शाबित करायची भानगड नाही. खेड्यातल्या भांडणात मुचलक्याचीच भीती जास्त असावी असं मला वाटतं, कारण आजही तसंच आहे.

विचार करा, जो माणूस सारा वसूल करतो तोच न्याय देतो. पाटीलही त्याचाच माणूस. वर्दी कुणाची घ्यायची आणि कुणाची नाही, हे तिथेच ठरत होतं.

वऱ्हाडाबद्दल थोडक्यात. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, मालकी नावाला निजामाचीच राहिली. १९०२ मध्ये सालीना २५ लाखांवर कायमचा पट्टा झाला आणि १९०३ पासून वऱ्हाडाचा कारभार नागपूरला मध्यप्रांताशी जोडला गेला. मुलूख कागदोपत्री परका असल्यामुळे इंग्रजी कायदे आपोआप लागू होत नसत, गव्हर्नर जनरलच्या हुकमानं लागू करावे लागत. आयपीसी तसाच लागू झाला होता. वरचं कोर्ट म्हणजे ज्युडिशियल कमिशनरचं. नागपूरला हायकोर्ट झालं ते जानेवारी १९३६ मध्ये.

दर्यापूरचे मास्तर

धागा चांगला निघाला आहे. मी निवृत्त शिक्षक आहे, माझं मत थोडं वेगळं आहे.

इंग्रजांचा हेतू काहीही असो, कायद्यासमोर हिंदूचं कीर्तन, मुसलमानाची नमाज, महानुभावांचं पारायण आणि ख्रिस्ती लोकांची प्रार्थना एकाच मापानं मोजायची ही गोष्ट लहान नाही. महानुभावांचं तीर्थक्षेत्र रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यातलं. महानुभाव पंथाला शतकानुशतकं किती टीका आणि किती त्रास सोसावा लागला, ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. "तुमची उपासना आम्हाला मान्य नसेल, पण ती उधळायचा अधिकार कुणाला नाही," असं लिहिलेलं एक कलम त्यांच्या हाती आलं. दुबळ्याच्या हाती लेखी कायदा असणं आणि नसणं यात फार अंतर आहे.

अलाहाबाद हायकोर्टातलं एक जुनं प्रकरण मला फार मोलाचं वाटतं. मशिदीत सगळे जण 'आमीन' मनात म्हणत असताना काही जण मोठ्यानं म्हणाले, म्हणून त्यांच्यावर हेच २९६ लावलं गेलं. १८८५ च्या त्या प्रकरणात न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी मत दिलं की जो माणूस आपल्या श्रद्धेप्रमाणे प्रामाणिकपणे उपासनेचाच भाग करतो आहे, त्याला उपासनेत अडथळा आणणारा म्हणता येत नाही. परक्या राज्यातल्या कोर्टात बसून एक हिंदी न्यायाधीश हे लिहितो, याचा मला अभिमान वाटतो. तेव्हा सगळंच काळं रंगवू नये, एवढीच विनंती.

निळी पहाट

मास्तर, तुम्ही वयानं मोठे आहात, आदर ठेवूनच लिहिते. "एकाच मापानं" हा शब्द मला मान्य नाही, आणि का नाही ते कागदासकट सांगते.

मी मोर्शी तालुक्यातली. आमच्या घरात डफडं वाजवायचं काम होतं. मारुतीचा उत्सव असो, पोळ्याची मिरवणूक असो, लग्नकार्य असो, वाजवायला आमचे आजोबा. देवळापर्यंत वाजवत न्यायचं, पायरीच्या अलीकडे थांबायचं, आरती संपेपर्यंत उन्हात उभं राहायचं, आणि पुन्हा वाजवत परत. देवाला जे वाद्य चालायचं, ते वाजवणारा माणूस चालत नव्हता. प्रसाद वरून टाकायचे, तो पदरात झेलायचा. हे माझ्या आजीनं मला सांगितलंय, आणि तिनं कधी चढवून सांगितलं नाही.

आता कायदा. मिसलबंद सरांनी २९६ सांगितलं. त्याच्या अगदी वरचं कलम २९५: एखाद्या वर्गाच्या धर्माचा अपमान करण्याच्या हेतूनं, किंवा तसा अपमान होईल हे माहीत असताना, उपासनेची जागा फोडणं किंवा विटाळणं. शिक्षा २ वर्षांपर्यंत. वाचताना वाटतं, मूर्ती फोडणाऱ्यासाठी असेल. पण १९२४ मध्ये नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टाचा निकाल छापून आला, आत्माराम विरुद्ध सम्राट. अस्पृश्य मानलेल्या समाजातला माणूस देवाच्या भोवतालच्या आवारात गेला. कोर्टानं म्हटलं, या देशात रिवाजाला बहुतेक कायद्याचंच बळ असतं. ज्याच्या स्पर्शानं विटाळ होतो असं भाविक हिंदू मानतात त्यानं आवारात येऊ नये असा रिवाज असेल, तर त्याचं आत येणं हेच कलम २९५ खालचं विटाळणं.

दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचा. चालू पूजा धिंगाणा घालून उधळली, तर जास्तीत जास्त १ वर्ष. हात जोडून देवाजवळ गेला, तर जास्तीत जास्त २ वर्षं. हे आपल्या नागपुरात, आपल्याच मुलखाच्या सर्वोच्च कोर्टात, कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं. अडाणकाठ दादांच्या पारावरचे बाबा ज्या राज्याची आठवण काढतात, त्या राज्यात आमच्या माणसासाठी देवाच्या दारातला गुन्हा हा होता.

राणीचा जाहीरनामा म्हणाला धर्मात हात घालणार नाही. प्रत्यक्षात हात घातला, आणि ज्याच्या हाती देऊळ होतं त्याच्या बाजूनं घातला. रिवाज काय आहे हे कोर्टानं कुणाला विचारलं असेल? पाटलाला, पुजाऱ्याला, पंचांना. पायरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या वाजंत्र्याला नक्कीच नाही.

खंजेरी

ताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्या गावातबी तसंच होतं, लपवून काय फायदा.

दर्यापूरचे मास्तर

निळी पहाट, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. निकालाचा दाखला महत्त्वाचा आहे. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, कारण लेखी कायदा हाती असल्याशिवाय त्याच्या विरुद्ध लढताही येत नाही. पण तो लढा इथे कसा झाला हेही या धाग्यावर यायला हवं, म्हणून भर घालतो.

त्या निकालानंतर तीनच वर्षांनी, १३ आणि १४ नोव्हेंबर १९२७ ला, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. विषय अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परिषद चालू असतानाच त्यांचे थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी आली, तरी त्यांनी काम पुरं केलं. डॉ. पंजाबराव देशमुख या लढ्याच्या बाजूनं उघड उभे होते. मंदिराच्या पंचांना विचाराला वेळ द्यावा म्हणून सत्याग्रह पुढे ढकलला गेला.

शाळेत असताना मी मुलांना ही परिषद शिकवायचो, पण २९५ चा तो निकाल डोक्यावर टांगलेला असताना ही माणसं अंबादेवीच्या दारात जायला निघाली होती, हा संबंध मी आजवर जोडला नव्हता.

निळी पहाट

मास्तर, आभार. आणि पुढचं पण सांगून टाकते. मध्यप्रांत-वऱ्हाडात मंदिर प्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ मध्ये. १९५० ला घटनेचं कलम १७ आलं. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यानं कायदा पुरता उलटा झाला: आत जाणारा गुन्हेगार राहिला नाही, अडवणारा झाला, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १९२४ ते १९५५, म्हणजे एका माणसाच्या हयातीत. माझ्या आजीनं दोन्ही पाहिलं. तिला कलमांची नावं माहीत नव्हती, पण कुठल्या साली पायरीवर पाय ठेवला ते पाठ होतं.

काटेपूर्णा

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं देऊळ. मूर्ती एकच, दिगंबर आणि श्वेतांबर दोघांचं श्रद्धास्थान, आणि पूजेची रीत वेगळी. १९०५ मध्ये दोघांनी मिळून पूजेचं वेळापत्रक ठरवलं, कोणत्या वेळी कुणी पूजा करायची ते. मूर्तीच्या लेपावरून आणि तिच्यावरच्या कटिसूत्राच्या, म्हणजे कमरेच्या करगोट्याच्या, खुणांवरून ते मोडलं. १९१० मध्ये अकोल्याच्या कोर्टात दावा गेला, तिथून नागपूरला अपील, आणि १९२९ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं (तेव्हाचं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) श्वेतांबरांच्या व्यवस्थापनाच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे १९ वर्षं. वाद तिथेही मिटला नाही. १९८१ पासून देऊळ कुलपात होतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशानंतर उघडलं.

मी जैन नाही, पण आमच्या गावावरून शिरपूरची वाट जाते. कुलूप असताना लोक बाहेरून, झरोक्यातून दर्शन घेऊन परत फिरायचे. माझ्या मते इंग्रजी न्यायाची खरी सवय इथे दिसते. पूजा कशी करावी हे त्यांना कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. त्यांनी प्रश्न केला ताब्याचा: किल्ली कुणाकडे, कारभार कुणाचा, पूर्वीपासून वहिवाट कुणाची. निळी पहाट ताईंनी सांगितलेल्या निकालातही तेच. पूर्वीपासून जे चालू तेच बरोबर.

वैनगंगेकाठी

काटेपूर्णा, अगदी बरोबर. आमच्या भंडाऱ्याकडे मालगुजारी होती. जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाचा 'वाजिब-उल-अर्ज' लिहिला जायचा, त्यात गावचे रिवाज. कुणाची गुरं कुठे चरतील, सरपण कुठून आणायचं, वाटा, पाणी. निस्ताराची, म्हणजे गावकऱ्यांच्या चारा-सरपणाच्या हक्काची, भांडणं आजही त्यावर चालतात. गावचा रिवाज सरकारी कागदावर चढला की तो हलत नाही, आणि सांगणारे असायचे मालगुजार आणि त्याच्या बैठकीतले चार जण.

मिरवणुकीतल्या वाजंत्रीबद्दलही कुणीतरी लिहा. नागपूरच्या दिंडीचं.

मिसलबंद

लिहितो. हा विषय जपून हाताळू, इथे दोन्ही समाजाचे वाचक आहेत.

देवळातली किंवा मशिदीतली पूजा आणि रस्त्यावरून जाणारी वाजती मिरवणूक, दोन्ही उपासनाच. मग अडथळा कुणाचा कुणाला? १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३० नं सणावारी रस्त्यावर किती वाजवायचं हे ठरवायचा अधिकार पोलिसांना दिला होता. त्यावर मॅजिस्ट्रेटचा मनाईहुकूम. १९२३ मध्ये नागपुरात मशिदीवरून वाजत जाणाऱ्या दिंड्यांना मनाई झाली आणि तिच्या विरोधात दिंडी सत्याग्रह झाला. त्या दशकात शहरात दंगेही झाले, दोन्हीकडची माणसं गेली.

कायद्याचा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलसमोर सुटला तो १९२४ मध्ये, तोही हिंदू-मुसलमान वादात नाही. उत्तरेकडच्या एका गावात शियांची मिरवणूक सुन्नींच्या मशिदीवरून जायची, त्यावरून दावा होता. निकाल असा: सार्वजनिक रस्त्यावरून आपल्या विधीसह धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क आहे, मात्र रस्त्याच्या रोजच्या वापराला बाधा येऊ नये आणि मॅजिस्ट्रेटचे कायदेशीर हुकूम पाळावेत. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. हक्क मान्य, पण आज वाजवायचं की नाही हे जिल्ह्याचा साहेब ठरवणार. दोन समाजांनी एकमेकांशी बसून बोलायच्या ऐवजी दोघांनीही साहेबाच्या बंगल्यावर अर्ज घेऊन जायचं, ही सवय तिथून लागली. माझ्या दृष्टीनं त्या राज्यानं केलेलं हे मोठं नुकसान आहे.

आणि दंगा झालाच तर त्याच पोलीस कायद्याचं कलम १५: गावावर जादा पोलीस बसवायचे आणि खर्च गावकऱ्यांकडून वसूल करायचा. ज्यानं दगड मारला त्यालाही पट्टी, जो घरात दार लावून बसला त्यालाही.

खंजेरी

मले कलम समजत नाही, पन एक गोष्ट सांगतो. आमी तुकडोजी महाराजाच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. रोज सांजच्याले सामुदायिक प्रार्थना, समद्या जातीचे लोक एका सतरंजीवर. तुकडोजी महाराज यावलीचे, आमच्या अमरावती जिल्ह्याचे. त्याईच्या हातात कायचं शस्त्र होतं? खंजेरी. भारत छोडोच्या आंदोलनात १६ ऑगस्ट १९४२ ले नागपंचमीच्या दिवशी चिमूर पेटलं, आष्टी पेटली. त्याच महिन्यात महाराजाले पकडलं, नागपूर अन् रायपूरच्या जेलात ठेवलं. गुन्हा काय, तं भजनातून लोक जागे केले.

मंग सांगा, भजनात अडथळा आनला तं एक वर्साची कैद म्हननारं सरकार होतं, अन् भजन म्हननाऱ्यालेच आत टाकनारंबी तेच सरकार होतं. जवरोक भजन झोपवत होतं तवरोक त्याईले चालत होतं. जागं करून रायलं म्हनल्यावर चाललं नाही. बाबाले पारावर हे नक्की सांगजा अडाणकाठ भाऊ.

वैनगंगेकाठी

खंजेरी भाऊ, पोस्ट फार आवडली.

अडाणकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. डीजेच्या भांडणावरून इथवर येऊ असं वाटलं नव्हतं.

निळी पहाट ताई, तुमची पोस्ट मी मोबाईलवरून पारावर वाचून दाखवली. बाबा शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या मारुतीच्या पारालेबी तवा शीव होती." कुठपर्यंत कोण यायचं ते त्यांनी हात करून दाखवलं. पखवाजवाले काका त्याच शिवेच्या पलीकडच्या घरातले आहेत हे आम्हा चाळिशीच्या आतल्यांना माहीतच नव्हतं. काका तिथेच बसले होते. ते इतकंच म्हणाले की त्यांच्या वडलांना पखवाज येत होता, पण देवळात वाजवायला कधी मिळाला नाही. आमच्या मंडळात पखवाज त्यांच्याकडे कधीपासून आणि कसा आला, ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचं मी ठरवलं आहे, त्यांची परवानगी मिळाली तर.

मिसलबंद सर, आता व्यवहाराचं. आज कायदा काय आहे? आणि १९२४ च्या त्या निकालाची प्रत कुठे मिळेल? बैठकीतले दोन शिकलेले पोट्टे म्हणतात की असा निकाल असूच शकत नाही. त्यांच्या हातात कागद द्यायचा आहे.

मिसलबंद

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुनं २९६ तिथे कलम ३०० झालं. शब्द जवळपास तेच, शिक्षा तीच, १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दखलपात्र, जामीनपात्र. जुनं २९५ आता २९८ आहे, पण घटनेचं कलम १७ आणि नागरी हक्क संरक्षण कायदा असताना १९२४ सारखा अर्थ कुणी लावू शकत नाही.

डीजेसाठी २००० चे ध्वनिप्रदूषण नियमही आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी. दिवसा वस्तीत मर्यादा ५५ डेसिबल, जी कुठलाही डीजे पहिल्या मिनिटातच ओलांडतो. हेच नियम देवळावरच्या आणि मशिदीवरच्या भोंग्यालाही लागू आहेत, हे बैठकीत आधी सांगा, नंतर दुसऱ्याला सांगा. पुन्हा तसं घडलं तर पोलीस पाटलाला कळवा, ११२ वर फोन करा, वेळ आणि कोण काय म्हणालं ते लिहून ठेवा. पण पोट्टे गावचे आहेत म्हणता, तर माझा सल्ला वकील म्हणून नाही, वऱ्हाडी माणूस म्हणून: त्यांना एकदा हरिपाठाला बोलवा आणि काकांशेजारी बसवा. गुन्हा नोंदवायचा रस्ता कुठे पळून जात नाही.

निकालाचा संदर्भ: एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर, छापील निकालांचे खंड) १९२४, नागपूर, पान १२१. जिल्हा न्यायालयाच्या बार लायब्ररीत जुने खंड असतात. यवतमाळला मिळाला नाही तर अकोल्याला या, मी काढून ठेवतो. मूळ मिसल, म्हणजे खटल्याची फाईल, शोधायच्या मागे लागू नका. किरकोळ फौजदारी मिसली मुदत संपली की नष्ट करायची पद्धत होती, अपिलात जाऊन छापलं गेलं तेवढंच उरलं. तहसीलीत २० रुपये दंड भरून घरी गेलेली माणसं कुठल्याच पुस्तकात नाहीत.

निळी पहाट

अडाणकाठ दादा, काकांनी सांगितलं आणि त्यांची हरकत नसली, तर इथेच लिहा. नाव घालू नका.